गाळलेलं वाक्य

अर्धांगाच्या झटक्याने बेबीमावशीचं तोंड वाकडं झालं होतं, तरी भाची वॉर्डच्या दारात दिसताच तिने शेजारच्या खाटेवरच्या बाईंना कौतुकाने सांगितलं, "हीच आमची शाल्मली. रोज सकाळी फोनमध्ये येऊन माझ्याशी बोलते."

शाल्मली ओशाळली. ती स्वतः कित्येक महिन्यांत मावशीशी बोलली नव्हती. अंबाडीच्या बोंडांच्या काढ्याने रक्तदाब उतरतो, हे तिचं संशोधन एका ॲपने बनवलेला तिचाच बोलका चेहरा आणि आवाज घेऊन, प्रत्येकाला नात्याने हाक मारत घरोघरी पोचत होतं. पोस्ट टाकताना ॲपने विचारलं होतं, 'हे फक्त उंदरांवर तपासलंय' हे वाक्य ठेवायचं का? त्या वाक्यापाशी निम्मे लोक पोस्ट सोडून जातात, असंही ॲपने सांगितलं होतं. तिने ते गाळलं. अठ्ठावीस लाख लोकांनी पोस्ट पाहिली आणि संस्थेने तिचा सत्कार केला.

"गोळ्या बंद केल्या मी," मावशी अपराध्यासारखी म्हणाली. "काढाच माझा नीट उकळला नसेल गं."

शाल्मलीने तिचा लुळा हात धरला. "मावशी, ते... म्हणजे, माणसांवर अजून... नक्की सांगता येत नाही गं."

"अशी चाचरतेस काय? फोनमधली तू कशी ठाम बोलतेस!" मावशीने चांगल्या हाताने फोन उचलला. "थांब, तिलाच विचारूया. शाल्मली, काढा घेऊ ना गं?"

"बिनधास्त घे, मावशी," फोनमधली शाल्मली हसून म्हणाली.

शेजारच्या बाईंनी उशाखालून वही काढली आणि खाटेजवळच्या शाल्मलीला विचारलं, "किती बोंडं घालायची, ताई?"