पाचवा सामना

"दोन-दोन झालं," हर्षाली म्हणाली आणि हातातली गुलाबाची जुडी तिनं अर्धवटच सोडली.

पॉलीहाऊसबाहेरच्या शेडमध्ये मायलेकी फुलं बांधत बसल्या होत्या. समोरच्या क्रेटला फोन टेकवलेला होता. मलेशियात आशियाई सांघिक बॅडमिंटनची फायनल चालू होती, भारताच्या मुली आणि थायलंडच्या. भारताच्या मुलींनी ही स्पर्धा आजवर एकदाही जिंकली नव्हती. फायनलपर्यंतसुद्धा पहिल्यांदाच पोचल्या होत्या. पहिले दोन सामने जिंकले, पुढचे दोन गेले. आता सगळं पाचव्यावर आलं होतं.

"पाचवी कोण हाय?" सुवर्णानं विचारलं. तिला या खेळातलं फारसं कळत नव्हतं. सकाळपासून ती लेकीच्या तोंडाकडे बघूनच स्कोअर ओळखत होती.

"आहे एक. माझ्याएवढीच, सतरा वर्षांची. जगात चारशे बहात्तरावी."

"आन् समोरची?"

"पंचेचाळिसावी."

"मग हिला कशाला उतरवलं?"

"टीमला पाच लागतात, मम्मी. कोणीतरी पाचवी असतेच."

हर्षाली तिच्या क्लबच्या टीममध्ये पाचवी होती. आज दुपारी तीनला सातपूरच्या हॉलमध्ये त्यांचीही फायनल होती. काल संध्याकाळी तिनं कोच मनीषा मॅडमना मेसेज केला होता, ताप आलाय, जमणार नाही. सुवर्णानं सकाळी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला होता आणि नुसतं "बरं" म्हणून ती फुलं तोडायला गेली होती.

फोनमधली मुलगी घाबरल्यासारखी अजिबात वाटत नव्हती. पहिला गेम तिनं एकवीस-चौदानं घेतला. हर्षाली उठून उभी राहिली. दुसऱ्या गेममध्ये तर समोरचीला दहासुद्धा करता आले नाहीत. शेवटचा पॉइंट पडला, भारताच्या सगळ्या मुली कोर्टवर धावल्या आणि इकडे हर्षाली किंचाळत आईच्या गळ्यात पडली.

"अगं काटे! काटे हायेत हातात!"

दोघी हसत सुटल्या. मग खाली सांडलेली फुलं गोळा करता करता सुवर्णा म्हणाली, "हिलाबी काल ताप आला असता तर?"

हर्षालीचे कान लाल झाले. हात ओढणीला पुसून तिनं मॅडमना फोन लावला.

"मॅडम, मी येतेय."

"आणि ताप?"

"उतरला."

"एका रात्रीत?"

"मम्मीनं उतरवला."

तीनच्या आत दोघी स्कूटीवरून हॉलवर पोचल्या. लेकीचा सामना बघायला सुवर्णा पहिल्यांदाच आली होती. चपला दारात काढून ती पुढच्याच बाकावर बसली. हर्षाली कोपऱ्यात उड्या मारत अंग गरम करत राहिली. पहिला सामना गेला, पण पुढचे तिन्ही तिच्या टीमनं जिंकले. मुली नाचायला लागल्या.

सुवर्णानं टाळ्या वाजवल्या आणि विचारलं, "आता तू ना?"

"नाही. तीन जिंकले की संपलं. पाचवा होतच नाही."

"असं कसं? तू तर घामाघूम झालीस."

हर्षाली हसली, पण रॅकेट तिनं बॅगेत घातली नाही. जाळीपलीकडे हरलेल्या टीमच्या मुली बूट सोडत होत्या. त्यांच्यातली एकच अजून उभी होती. केस घट्ट बांधलेले, हातात रॅकेट. तीही पाचवीच होती.

हर्षाली जाळीपाशी गेली. "खेळायचं?"

"मग काय!" ती मुलगी म्हणाली. "पेठहून जीपमध्ये अर्धी उभी राहून आलेय मी. न खेळता परत जाऊ?"

पंच सुनील सरांची पिशवी भरून झाली होती. "पोरींनो, निकाल लागलाय. हा सामना कुठंच धरला जाणार नाही."

"चालेल, सर."

"चषकासोबत फोटो राहिलाय तुमचा."

"नंतर काढू, सर."

मनीषा मॅडमनी डब्यातून एक नवं शटल काढून हर्षालीकडे फेकलं. ते पाहून बूट सोडणाऱ्या मुली एका पायात बूट, एका पायात मोजा अशाच बसून राहिल्या.

सुनील सरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग पिशवीची चेन उघडली, एक कोरा कागद काढला आणि ते त्या उंच खुर्चीवर पुन्हा चढले.

"नावं सांगा," ते म्हणाले.

दोघी एकदमच बोलल्या.