चौकोनातली आई

चपला हातात धरून ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, तेव्हा तिला आधी नवऱ्याची पाठ दिसली.

तो लॅपटॉपच्या मागे स्टुलावर वाकून बसला होता. हातातला मोबाईल त्याने बरोबर कॅमेऱ्याच्या डोक्यावर धरला होता, त्याचा पडदा पलीकडे करून. पलीकडे खुर्चीत बबडी होती, त्यांची पाच वर्षांची एकुलती एक लेक. तिच्या मागच्या कपाटाच्या काचेत मोबाईलवरचं चित्र दिसत होतं. एक पंखा गरगर फिरत होता, आवाज बंद. बबडी मान न हलवता पंख्याकडे बघत होती.

ती नजर आईच्या ओळखीची होती. गेले कित्येक महिने ती त्याच नजरेवर जगत होती.

बबडीला ऑटिझम आहे, हे कळल्यावर तिला उपचार केंद्रात न्यायचं ठरलं. पण दोन बस बदलाव्या लागायच्या आणि गर्दीत शिरलं की पोर किंचाळून आकांत करायची. त्यातच केंद्राचं दुरुस्तीचं काम निघालं. म्हणून केंद्रातल्या डॉक्टरबाई व्हिडिओ कॉल करून पडद्यावरून तपासायला लागल्या. आईला हे बिलकूल पसंत नव्हतं. पडद्यातून कधी पोराच्या कपाळाला हात लावता येतो का, म्हणून तिने नवऱ्याशी दोन दिवस अबोला धरला. पण नवरा घरीच मिक्सर दुरुस्त करायचा, त्याला सोयीचं होतं. आणि तिला हॉटेलच्या लाँड्रीतून दर वेळी रजा कोण देणार? मग तीही मोबाईलवरून जोडली जाऊ लागली. सुपरवायझरबाई कुरकुरत चादरींच्या खोलीची किल्ली द्यायची. चादरींच्या गठ्ठ्याला मोबाईल टेकवून ही समोर बसायची.

सुरुवातीला बबडी टेबलाखालीच असायची. खुर्चीत बसवली तरी छताकडे बघायची. आईने चादरीत तोंड खुपसून रडून घ्यायचं आणि डोळे पुसून पुन्हा इस्त्रीला उभं राहायचं, असं चाललं होतं. मी नोकरीच सोडते, असंही ती एकदा म्हणाली. मिक्सरच्या कमाईत घर चालत नाही हे दोघांनाही माहीत होतं.

आणि मग पुढच्याच आठवड्यात बबडीने मान वर केली आणि सरळ आईच्या डोळ्यांत पाहिलं.

त्या दिवशी तिने अख्ख्या लाँड्रीला चहा पाजला. घरी येऊन लेकीसमोर बसली, तर लेक आपली भिंतीकडे बघत. असं का, म्हणून तिने नवऱ्याला विचारलं.

"घरी तुझा चेहरा सारखा हलत असतो," तो म्हणाला. "पडद्यावर छोटा होतो, एका जागी राहतो. तिला तेवढाच सोसवतो."

डॉक्टरबाईंनीही मान डोलावली होती. तिला पटलं. पटायचंच होतं. मग सुट्टीच्या दिवशीसुद्धा ती मोबाईल घेऊन जिन्यात जाऊन बसायची, चौकोनातून लेकीला भेटायला. शेजारीण विचारायची, भांडण झालं का गं? ही नुसती हसायची. स्वतःच्याच चेहऱ्याचा तिला हेवा वाटायचा, जो पडद्यावर जाऊन एवढं मिळवत होता.

गेल्या महिन्यात केंद्र पुन्हा उघडलं आणि पालकांची सभा झाली. बहुतेकांना मुलांना प्रत्यक्ष न्यायचं होतं. पडद्यावर पोर निम्मंच दिसतं, असं एक बाबा तावातावाने सांगत होते. चारचौघांत कधी तोंड न उघडणारी ही उठून उभी राहिली. "माझी लेक मला फक्त पडद्यावर ओळखते," ती म्हणाली. "तो माझा बंद करू नका." केंद्रात जागा मोजक्याच होत्या. बबडीची जागा तिने आपण होऊन सोडली, ती दुसऱ्या मुलाला मिळाली.

आज लाँड्रीचा बॉयलर बिघडला आणि सगळ्यांना घरी सोडलं. बसमध्ये तिच्या मनात आलं, आपण गुपचूप मागच्या दाराने जाऊ. कॅमेऱ्याच्या बरोबर मागे उभं राहू. बबडी तिकडेच बघत असेल. एकदा तरी पडद्याशिवाय ती नजर झेलू.

आणि कॅमेऱ्याच्या मागे नवरा बसलेला होता.

ज्याच्या खांद्यावर मान टाकावी त्यानेच केसाने गळा कापावा, असं तिचं झालं. बबडी तिच्याकडे कधी बघतच नव्हती, पंख्याकडे बघत होती. ती जिन्यात जाऊन हसत बसायची, लेकीशी गोड गोड बोलायची, आणि हा समोर बसून ते सगळं ऐकायचा. मोबाईल हिसकावून भिंतीवर आपटावा असं तिला वाटलं. पण ती थांबली. डॉक्टरबाई यायची वेळ झाली होती. त्यांनाही यानं फसवलं होतं, इतके दिवस, त्यांच्या डोळ्यांदेखत. तिच्या बाजूचं तेवढं एकच माणूस उरलं होतं. त्यांच्यासमोरच याचा निकाल लावू. त्या चिडतील, याला खडसावतील, आणि बबडीची जागा परत मिळवायची खटपटही करतील.

लॅपटॉप वाजला. डॉक्टरबाईंचा नेहमीचा समजूतदार आवाज आला, बबडीला हाक मारणारा. आईने चपला खाली ठेवल्या आणि बोलायला तोंड उघडलं.

"आई आज जोडलेल्या दिसत नाहीत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मग तो पंखा राहू द्या, बाबा. आज आपण खरं काम करू."