हयातीचा दाखला

"मी इथं धडधडीत जिवंत बसलोय आणि हे म्हणतात, सही जुळत नाही!" दुबईत अल कुसैसमधल्या मुलाच्या फ्लॅटमध्ये सदानंदराव सकाळपासून धुसफुसत होते. थरथरत्या हातानं सही केलेला त्यांचा हयातीचा दाखला गावाकडच्या ट्रेझरीनं दुसऱ्यांदा परत पाठवला होता आणि पेन्शन थांबली होती. "वकिलातीपर्यंत टॅक्सीला पुन्हा साठ दिरहम, म्हणजे चौदाशे रुपये! माणुसकी म्हणून काही आहे की नाही?"

त्याच ट्रेझरीत ते अकरा वर्षं साहेब होते. मुलानं मोबाइलमध्ये डोकं घातलं, सून उगाचच चहा ढवळत राहिली.

 

शरयूबाईंनी चष्मा काढला. "अहो, सावंतबाईंना अशाच सहीपायी तुम्ही तीनदा परत पाठवलंत. चौथ्यांदा त्यांच्या मृत्यूचा दाखला आला, तो तेवढा पहिल्या फटक्यात मंजूर केलात."