फाट्यावरचा फ्लेक्स

“सर, हा फोटो तुमचाच ना?”

अजितने सायकल थांबवून वर बोट केलं. विजयसिंहाने पाहिलं आणि करकचून ब्रेक दाबला.

डाळजच्या फाट्यावर नवाकोरा फ्लेक्स लागला होता. ‘भावपूर्ण श्रद्धांजली. कै. विजयसिंह हिंदुराव.’ खाली ‘शोकाकुल : समस्त परिवार’. फोटोत तो फेटा बांधून हसत होता.

दोघं पहाटेच बारामतीहून निघाले होते. पळसदेवला उजनीचं पाणी ओसरलं होतं. जुन्या देवळाचं शिखर उघडं पडलं होतं आणि त्यावर कुणीतरी मासळीचं जाळं वाळत टाकलं होतं. विजयसिंहाने त्याचे वीसेक फोटो काढले होते. पुढे रोहित पक्ष्यांसाठी अर्धा तास थांबले होते. जाताना फाटा अंधारातच मागे पडला होता; फ्लेक्स दिसला तो आता, परतताना.

“तुम्ही इथले? कधी बोलला नाहीत,” अजित म्हणाला.

विजयसिंहाच्या कानशिलाच्या शिरा तटतटल्या. लग्नातल्या त्या फोटोची एकच प्रत होती, गावाकडच्या घरात. वाटणीच्या भांडणानंतर आठ वर्षांत त्याने त्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. तिथे आता धाकटा भाऊ मानसिंग कारभार बघत होता.

“तू हो पुढे,” एवढंच म्हणून त्याने सायकल कच्च्या रस्त्याला घातली.

मानसिंग अंगणात वैरण कापत होता. विजयसिंहाने सायकल तशीच आडवी टाकली आणि त्याची कॉलर धरली.

“माझ्या वाट्याचं रान पाहिजे होतं, तर तोंडानं मागायचंस! जिवंत माणसाला मारतोस?”

“दादा, हळू बोल.”

“का हळू? साऱ्या गावाला कळू दे! कुणी लावला तो फ्लेक्स?”

मानसिंगने मान खाली घातली. विजयसिंहाने खाडकन त्याच्या कानाखाली वाजवली. भावाने हात उचलला नाही, की तोंडही उघडलं नाही. त्या गप्प बसण्याने विजयसिंह आणखीच पेटला. त्याने दुसऱ्यांदा हात उगारला.

“सोड त्याला!”

प्रयागबाई दारात उभ्या होत्या. पार वाळून गेल्या होत्या. आवाज मात्र तोच होता.

“आई, यानं मला जितेपणी…”

“त्यो न्हाय. त्यो तर दोन दिस माज्या पाया पडत हुता, लावू नगं म्हनून. मी लावलाय.”

विजयसिंहाचा हात हवेतच राहिला.

“तू? अगं, मी जिवंत आहे!”

“ठाव हाय मला. तीन वरसं झाली, दर ऐतवारी त्या रस्त्यानं सायकल हाणत जातूस. मी हितनं बघती. लोकं सांगत्यात, पाखरं बघाया थांबतूस, देऊळ बघाया थांबतूस. म्हनलं, ह्याला मारल्याबिगर ह्यो काय माज्या दारात यायचा न्हाय.”