कपाआडचा प्रश्न

यंत्रमागांच्या खडखडाटाने कुणाचे कान गेलेत का, हे विचारायला कंपनीने मला पाठवलं होतं. कारखान्यालगतच्या काचेच्या केबिनमध्ये एकेक विणकर आला, हसून तेच सांगून गेला, "कान ठणठणीत, मॅडम." शेवटी सगळ्यांत जुन्या मावशी आल्या. चहाचा कप ओठांसमोर धरूनच मी विचारलं, "ऐकू येतं ना?" त्या गप्प. मी कप खाली ठेवून पुन्हा विचारल्यावर म्हणाल्या, "ओठ दिसले तरच कळतं. सगळ्यांचंच तसं. सांगितलं तर कामावरून काढतील." मी काचेतून पाहिलं आणि पाहतच राहिले. त्या गदारोळात कारखान्याच्या दोन्ही टोकांचे विणकर नुसते ओठ हलवून निवांत गप्पा मारत होते. म्हणजे माझा प्रत्येक प्रश्न सकाळपासून अख्ख्या कारखान्याने वाचला होता. "काय बोलताहेत?" मी विचारलं. "मॅडम काय लिहिणार, विचारताहेत." मी तोंड उघडलं आणि साऱ्या नजरा माझ्या ओठांवर खिळल्या.