लॅपटॉपची टिकली

दुपारच्या शांततेत फ्रिज एकदम धडधडला आणि मृदुलाने दचकून लॅपटॉप अर्धा मिटला. मग तिचं तिलाच हसू आलं. घरात होतं कोण? चार वर्षांची जुई आत झोपलेली, आणि फोनवर धाकटा भाऊ निनाद. तासभर तो तिकडे बसून तिचा लॅपटॉप तपासत होता.

"सापडलं, ताई. तू टाइप केलेलं अक्षर न् अक्षर बाहेर जातंय. कॅमेराही गुपचूप चालू होतो."

"जुईच्या त्या फुकटच्या गेममधून शिरलं असणार. मीच मेलीने डाउनलोड केला होता."

"गेममधून नाही गं. घरात बसूनच टाकलंय. सगळं दाजींच्या मेलवर जातंय."

नोकरीच्या अर्जाबद्दल ती कुणाशीच बोलली नव्हती. तरी परवा जेवताना नवरा म्हणाला होता, "जुईला पाळणाघरात ठेवायचं नाही हं." तेव्हा तिला वाटलं होतं, याला आपल्या मनातलं न सांगता कळतं.

"काढून टाकू? पण काढलं की त्यांना लगेच समजेल."

"थांब जरा," ती म्हणाली. कपाळावरची टिकली काढून तिने कॅमेऱ्याच्या बारीक डोळ्यावर चिकटवली.

तेवढ्यात जुई डोळे चोळत येऊन मांडीत बसली.

"अय्या, लॅपटॉपला टिकली!" ती खुदकन हसली. "आई, संध्याकाळी बाबांना दाखवायची?"