इवाओचा हात

"अहो, बोटं मिटा ना जरा," मिसाओ पुटपुटली. इवाओचा हात तिच्या मुठीत गार पडला होता.

खिडकीबाहेर बंदरात बोटींचे भोंगे वाजत होते. आज डॉक्टर ठरवणार होते: घरी सोडायचं, की डोंगरापलीकडच्या संस्थेत कायमचं पाठवायचं. तिकडे गेलेलं माणूस परत आलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं.

व्यायाम घेणारी होम्मा आली. पोरगी गोड, पण प्रश्न रोज तेच. तिने हातावर मऊ ब्रश फिरवला.

"काही जाणवतंय?"

"काही नाही," उत्तर मिसाओनेच दिलं. "ते कसले बोलतात! जेवण, आंघोळ, झोप. तीन शब्दांवर उभा संसार रेटलाय यांनी. चौथा ऐकला तर मलाच चक्कर येईल."

एरवी खुदकन हसणारी होम्मा आज हसली नाही.

"काकू, हाताची ओळख पटली तरच घरी सोडतील. नाहीतर चुलीवर भाजला तरी पत्ता लागायचा नाही. नीट बघा. कुणाचा आहे?"

"यांचाच. माकूळ मासळी कापून कापून पडलेले हे व्रण मी ओळखणार नाही?"

"माकूळ तर तुम्हीही कापायचात ना?"

"अख्खं गाव कापतं. म्हणून काय झालं?"

होम्माने मान खाली घातली. तिचे डोळे भरलेले मिसाओने पाहिले. पोरगी रडतेय, म्हणजे निकाल लागला! तिने तो हात घट्ट छातीशी धरला.

"यांना नेऊ नका गं. पाया पडते तुझ्या. मी करीन सगळं घरी."

इतक्यात उजवीकडचं दार सरकलं. डिझेलचा वास आला. उन्हाने रापलेला एक माणूस दोन्ही हातांनी टोपी चुरगाळत खाटेशी येऊन उभा राहिला.

"मिसाओ," इवाओ म्हणाला, "बोट आजच बंदराला लागली गं. तुला अर्धांगाचा झटका आल्याचं कळलं तेव्हा भर समुद्रात होतो."

मिसाओने त्याच्याकडे पाहिलं, मग हाताकडे. हे इथे, तर मग हा हात कुणाचा?

इवाओ वळसा घालून पलीकडे गेला. त्याने तिच्या डाव्या खांद्यावर बोट टेकवलं आणि कुठेही न उचलता ते खाली खाली, तिने छातीशी धरलेल्या त्या गार बोटांपर्यंत नेलं.